वादळ, वावटळ आणि वीज: गावात अन् वावरात जीव कसा सांभाळायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मार्च लागला की जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत विदर्भात सांजच्याला कधी आभाळ फिरेल याचा नेम नसतो. दुपारी ४४-४५ डिग्री ऊन अन् पाच वाजता टिना उडतात. लोक जे प्रश्न नेहमी विचारतात ते इथं घेतलेत, जमेल तसे साध्या भाषेत.

टीव्हीवर दाखवतात तसा टोर्नेडो आपल्याकडं येतो का?

जवळपास नाहीच. टोर्नेडोला नुसती गरमी पुरत नाही, खाली दमट गरम हवा पाहिजे, वर थंड कोरडी हवा पाहिजे आणि जमिनीपासून वर जाता जाता वाऱ्याची दिशा अन् वेग दोन्ही बदलले पाहिजेत, तेव्हा कुठं तो मोठा ढग स्वतःभोवती फिरायला लागतो आणि त्यातून सोंड खाली उतरते. हे सगळं एकत्र जुळून येतं ते अमेरिकेच्या मधल्या मैदानात, तिथं वर्षाला हजाराच्या वर टोर्नेडो होतात. आपल्या बाजूला बंगाल, ओडिशा, बांगलादेश हा पट्टा त्यासाठी बदनाम आहे. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात जो टोर्नेडो आला त्यात सुमारे १३०० माणसं गेली, जगातला सगळ्यात जीवघेणा टोर्नेडो तोच धरतात. ३१ मार्च २०२४ ला बंगालमध्ये जलपायगुडीकडं आला, तोही काही मिनिटांचाच खेळ होता.

विदर्भात येतं ते वादळी वारं, म्हणजे ढगातून थंड हवा धप्पकन खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. ते गोल फिरत नाही, सरळ रेषेत झोडपत जातं. पण त्यात टिना उडायच्या त्या उडतातच, झाडं पडायची ती पडतातच, म्हणून टोर्नेडो नाही म्हणून निवांत बसण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळ्यात नांगरलेल्या वावरात धुळीचा खांब गोल गोल फिरतो, तो काय असतो मग?

ती वावटळ. वावटळ जमिनीतून वर चढते, टोर्नेडो ढगातून खाली येतो, हा मुख्य फरक. वावटळीला ढग लागत नाही, उलट आभाळ निखळ अन् जमीन तव्यासारखी तापलेली असली की ती उठते, दोन-चार मिनिटं पऱ्हाटीचा कचरा, पॉलिथिन, वाळलेली पानं घेऊन नाचते आणि धुऱ्यापाशी जाऊन विरते. माणसाला सहसा काही करत नाही, डोळ्यात माती जाते तेवढीच, पाठ फिरवून डोळे झाकून बसायचं. पण लहान पोरं तिच्यामागं पळतात, त्यांना आवरा, कारण मोठी वावटळ सुटं टीन किंवा मंडपाचं कापड उचलू शकते. भूत-बित काही नसतं त्यात.

मग आपल्याकडं वादळात माणसं मरतात कशानं?

हा खरा प्रश्न आहे आणि बाकीची सगळी उत्तरं यातूनच निघतात. नुसत्या वाऱ्यानं माणूस क्वचित मरतो. मारतात त्या चार गोष्टी: उडालेलं टीन, पडलेलं झाड, कोसळलेली भिंत आणि वीज.

अकोला जिल्ह्यातल्या पारसची घटना आठवा. ९ एप्रिल २०२३ ची रात्र, बाळापूर तालुका, मंदिरात कार्यक्रमाला लोक जमलेले, वादळ-पाऊस सुटला म्हणून लोक आडोशाला टिनाच्या शेडखाली गेले अन् शेजारचं मोठं कडुलिंबाचं झाड त्याच शेडवर पडलं. सात माणसं गेली. आता यात त्या लोकांचं काय चुकलं? पाऊस आला की माणूस शेडखालीच जाणार. पण जुनं झाड आणि त्याखाली टिनाचं शेड हे आपल्या प्रत्येक गावात आहे, मंदिरापाशी आहे, बस स्टॉपवर आहे, शाळेच्या पटांगणात आहे. पारावर गार सावली मिळते म्हणून आपण झाडाखालीच सगळं बांधतो. वादळात तीच जागा सगळ्यात वाईट.

म्हणून वादळ आलं की कुठं पळायचं हे वादळ आल्यावर ठरवू नका. आजच ठरवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अन् पोरांनाही सांगून ठेवा.

वादळ येणार हे आधी कळतं का?

दिवसाचा अंदाज कळतो, नेमकं कोणत्या गावात ते अगदी तास-दोन तास आधीच कळतं. नागपूरला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, डॉप्लर रडारही आहे, तिथून जिल्ह्यावार इशारा निघतो: हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बातमीत "विजांच्या कडकडाटासह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे" असं आलं की ५० म्हणजे काय, मोटरसायकल त्याच्याहून जोरात पळते असं लोक म्हणतात. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि झटका त्याहून जास्त असू शकतो. ढिल्या टिनाला ५० पुरेसे आहेत.

मोबाईलमध्ये दोन ॲप ठेवाच. एक दामिनी, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलेलं, तुमच्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते नकाशावर दाखवतं. दुसरं सचेत, त्यावर सरकारी इशारे येतात. लोकेशन बंद ठेवलं तर दामिनीचा उपयोग नाही, बॅटरी वाचवायला म्हणून पोरं लोकेशन बंद करून टाकतात आणि मग म्हणतात ॲप फालतू आहे. कधी कधी मोबाईल एकदम भोंग्यासारखा वाजतो अन् स्क्रीनवर इशारा येतो, तो सरकारी अलर्ट असतो, घाबरून बंद करू नका, वाचा आणि जवळच्या चार जणांना सांगा.

आमच्या वावरात रेंजच नाही. आभाळाकडं पाहून काय समजायचं?

जुनी माणसं जे पाहतात ते बरोबरच असतं. दुपारभर हवा पडलेली, पान हलत नाही, अंगाला घाम चिकटतो. मग एका बाजूला ढग फुलकोबीसारखा वर चढत जातो, त्याचा माथा पसरून सपाट होतो, खालचा भाग काळा-निळा दिसतो. इथपर्यंत वेळ असतो, बंडी जुंपा, ढोरं हाका, घराकडं निघा.

खरी खूण पुढची आहे: गरम वाफेत बसलेलं असताना एकदम गार वाऱ्याची झुळूक येते, मातीचा वास येतो आणि लांबून धुळीची भिंत येताना दिसते. लोकांना ती गार झुळूक इतकी बरी वाटते की अंगणात खुर्ची टाकून बसतात. ते करू नका. ती त्याच ढगातली खाली पडलेली हवा आहे, ती तुमच्यापर्यंत पोचली म्हणजे तुमच्याकडं मिनिटं उरलीत, तास नाही.

आणि मेघगर्जना ऐकू आली म्हणजे वीज तुमच्यापर्यंत येऊ शकते, एवढं पक्कं धरा. चमकल्यावर मोजायला लागा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, बाहेरचं काम बंद. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबूनच बाहेर पडा. पाऊस थांबला म्हणून लगेच लोक वावरात परत जातात आणि नेमकी तेव्हाच शेवटची वीज पडते, पाऊस सुरू व्हायच्या आधी अन् थांबल्यानंतर जास्त माणसं सापडतात कारण तेव्हा सगळे बाहेर असतात.

आमचं घर टिनाचं आहे. जायचं कुठं?

सगळ्यात आधी, वेळ असेल तर टिनाच्या घरात थांबूच नका. शेजारचं स्लॅबचं घर, ग्रामपंचायतीची इमारत, शाळेची पक्की खोली, समाजमंदिर, यातलं जे स्लॅबचं असेल ते. पण आधी एकदा दिवसाउजेडी जाऊन बघा, कारण बऱ्याच ठिकाणी खोली स्लॅबची अन् व्हरांडा टिनाचा असतो, आणि रात्री नेमकं कुलूप असतं. किल्ली कोणाकडं राहते ते माहीत पाहिजे. सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, कोणाकडं का असेना, एप्रिल-मे मध्ये ती किल्ली गावात राहिली पाहिजे, साहेबांसोबत तालुक्याला जाता कामा नये. ग्रामसभेत हा एक विषय घ्या ना, बाकीचं राजकारण वर्षभर आहेच.

वेळ नसेल तर घरातच. आता यात बघा: बऱ्याच घरांमागं संडास-बाथरूम असतं, छोटं, चार भिंती विटा-सिमेंटच्या, वर छोटा स्लॅब. दिसायला काही नाही पण वादळात घरातली सगळ्यात मजबूत जागा बऱ्याचदा तीच असते, कारण छोट्या खोलीच्या भिंती एकमेकींना धरून ठेवतात. पत्र्याचं दार असलेलं अन् वर टीन टाकलेलं असेल तर मात्र नाही. मोठ्या घरात आतली खोली, जिला बाहेरची भिंत अन् खिडकी कमीत कमी आहे ती. मातीची भिंत असेल आणि ती आधीच पावसानं ओली झाली असेल तर तिच्यापासून दूर, कारण टीन गेलं की भिंत वरून पाणी पिते आणि थोड्या वेळानं बसते.

लाकडी दिवाण किंवा मजबूत टेबल असेल तर त्याच्या खाली शिरा, अंगावर गादी, गोधडी, वाकळ जे हाताशी असेल ते ओढा. डोकं आणि मान झाका. हेल्मेट असेल तर घाला, नसेल तर घमेलं डोक्यावर उलटं धरा, हसू येईल पण गारा असोत की कवेलूचे तुकडे असोत, घमेलं कामी येतं. उभे राहून छताचा पाईप धरून ठेवायचा नाही. हे खास सांगतोय कारण गावात बाप्या माणसं हेच करतात, टीन उडू नये म्हणून सगळं वजन टाकून अँगलला लटकतात. वारं माणसासकट छत उचलू शकतं. टीन परत घेता येतं.

दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? कोणी म्हणतं उघड्या ठेवल्या की घर फुटत नाही.

बंद. उघड्या ठेवायची गोष्ट जुन्या काळी अमेरिकेतही लोक मानायचे, आता तिथंही सांगतात की ते खोटं आहे. वारं उघड्या दारातून आत घुसलं की आतून छताला वर ढकलतं आणि बाहेरून वरचं वारं ओढतं, दोन्ही मिळून टिना निघतात. दाराला अडसर घाला आणि दारासमोर उभं राहू नका.

टिनावर दगड, विटा, जुने टायर ठेवले तर चालतं का?

लोक ठेवतात, पर्याय नाही म्हणून ठेवतात, समजतं. पण दगड टिनाला धरून ठेवत नाही, तो फक्त वर बसलेला असतो. टीन हललं की तोच दगड आधी घसरतो आणि खाली झोपलेल्यांवर पडतो. त्यापेक्षा हूक बोल्ट अन् वायसर घालून टीन अँगलला पक्कं करा, खास करून कडेच्या रांगेत अन् कोपऱ्यात बोल्ट जास्त, कारण वारं कडेपासूनच टीन सोलायला लागतं. गंजलेलं वायसर बदला. भिंतीबाहेर टीन दोन-दोन फूट लोंबत असेल तर तिथंच वारं पकडतं. अँगल भिंतीत नुसता ठेवलेला असतो बऱ्याच ठिकाणी, तो तारेनं किंवा पट्टीनं भिंतीत खालपर्यंत बांधून घ्या, नाहीतर टीन न सुटता अख्खं छत एकत्र उडतं. गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे, पण ते मार्चच्या आत करा, मे मध्ये गवंडी मिळत नाही, सगळे लग्नात.

बाळाचा पाळणा छताच्या अँगललाच बांधलाय...

वारं सुटायची चिन्हं दिसली की पहिलं काम, बाळाला उचला. छत उडालं की पाळणाही सोबत जातो. बुलढाणा जिल्ह्यात असं घडून गेलंय, लेकरू वाचलं नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत पाळणा किंवा झोळी टिनाच्या छताला बांधूच नका, लोखंडी स्टँडचा पाळणा घ्या किंवा खाली गोधडीवर निजवा.

वावरात असताना वादळ सापडलं तर? झोपायचं की उकिडवं बसायचं? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही ऐकलंय कारण दोन वेगळ्या संकटांची दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि व्हॉट्सॲपवर ती एकात एक मिसळून फिरतात.

अमेरिकेत सांगतात की उघड्यावर टोर्नेडो आला अन् काहीच आडोसा नसेल तर खोलगट जागी पालथं झोपा, डोकं झाका, कारण उडून येणारे तुकडे माणसाला मारतात. वीज मात्र वेगळी. वीज जमिनीवर पडली की करंट जमिनीतून पसरतो, आणि तुमचं शरीर जितकं जास्त जागेत जमिनीला टेकलेलं तितका करंट जास्त. म्हणून विजेत आडवं झोपायचं नाही. आपल्याकडं वादळासोबत वीज असतेच असते आणि देशात दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसं विजेनं जातात, त्यात बहुतेक वावरातली. तेव्हा आपल्या वावरात पहिला हिशेब विजेचा धरायचा.

म्हणजे काय करायचं? पक्कं घर किंवा बंद चारचाकी दहा मिनिटांवर असेल तर गडगडाट ऐकताच निघा. निघायला उशीरच झाला असेल तर एकटं झाड, टेकाड, डीपी, विजेचा खांब, मचाण, विहिरीचं लोखंडी रहाट, तारेचं कुंपण, या सगळ्यांपासून लांब, जरा सखल पण पाणी न साचणाऱ्या जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, टाचा एकमेकींना लावून, डोकं गुडघ्यात, कान झाकून. अंगाखाली हात टेकायचे नाहीत. हे काही सुरक्षित नाही, हे फक्त उभं राहण्यापेक्षा अन् झोपण्यापेक्षा बरं आहे. सोबत मजूर असतील तर एकमेकांना चिकटून बसू नका, दहा-पंधरा पावलं अंतर ठेवा, म्हणजे एकाला झालं तर दुसरा उठून त्याला बघेल. बायांना हे आवडत नाही, भीतीनं सगळ्या एकाच ताडपत्रीखाली गोळा होतात, मुकादमानं आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

नाल्यात उतरू नका. वर कुठं पाऊस पडला असेल तर नाला काही मिनिटांत भरतो.

वावरातली खोपडी, म्हणजे चार बल्ल्या अन् वर गवत किंवा टीन, ती विजेसाठी काहीच कामाची नाही, उन्हापासून वाचवते तेवढंच. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणाऱ्यांनी नारंगी इशारा असेल त्या रात्री जाऊ नये, रोह्यांनी (नीलगायींनी) पिकाची चार तासं खाल्ली तरी चालतील.

तेंदूपत्ता तोडणारे, मोहफुलं वेचणारे, यांचा सीझन नेमका याच महिन्यांत, आणि गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या जंगलात झाडापासून दूर जा म्हणणं म्हणजे थट्टाच. जंगलात असाल तर सगळ्यात उंच झाडाखाली थांबू नका, बुटक्या झुडपांच्या दाट भागात, खोडांपासून जमेल तितकं अंतर ठेवून बसा. आणि तोडाई पहाटे सुरू करून दुपारच्या आत घरी या, वादळं बहुतेक दुपारनंतर अन् सांजच्याला उठतात.

झटका मशीनचं कुंपण आहे, काही धोका?

आहे. रोही अन् डुकरांसाठी आता वावरोवावरी तार लागलीय, लांबच लांब. एका टोकाला वीज पडली तर करंट तारेतून पार दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतो. गडगडाट सुरू झाला की तारेला, गेटला, बॅटरीला हात नाही. मशीन वाचवायचं म्हणून धावत जाऊन पिना काढणारे असतात, जे काढायचं ते आभाळ भरायच्या आधी काढा. मोटारीच्या स्टार्टरचंही तेच.

मोबाईलवर बोललं की वीज पडते का?

नाही. चार्जिंगला लावून, वायर लागलेला फोन कानाला लावू नका, एवढंच. तसंच गारा पडताना अंगणात विळा किंवा कुऱ्हाड टाकायची पद्धत आहे, त्यानं गारा थांबत नाहीत आणि टाकायला बाहेर जाणाऱ्याचं डोकं मात्र फुटतं.

ढोरं कोठ्यात बांधलीत, सोडायची का?

कोठा पक्का असेल तर आतच राहू द्या. टिनाचा खिळखिळा कोठा असेल अन् वेळ असेल तर दावं सोडून मोकळ्या जागी हाका, झाडाखाली नाही. झाडाखाली एका विजेत अख्खा कळप जातो, बकऱ्यांचं तर नेहमीच ऐकतो, कारण ढोरांचे पुढचे अन् मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात आणि जमिनीतला करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. लोखंडी साखळीनं तारेच्या कुंपणाला बांधू नका. आणि वारं सुरू झाल्यावर बैल सोडायला परत जायचं नाही. मला माहीत आहे हे वाचून कोणी ऐकणार नाही, बैलजोडी लाखाच्या वर गेली, पण तरी लिहितो.

मोटरसायकलवर किंवा एसटीत असलो तर?

मोटरसायकल थांबवा, उतरा, तिच्यापासून लांब व्हा, जवळच्या पक्क्या घरात जा. ट्रॅक्टरला छत असलं तरी तो उघडाच, विजेत त्यावर बसू नका. एसटी किंवा कार बंद काचांची असेल तर विजेसाठी चांगली, लोखंडी टप करंट बाहेरूनच जमिनीत नेतो, आत लोखंडाला हात लावू नका. पण रस्त्याच्या कडेला जुन्या चिंचा, कडुलिंब, बाभळी आहेत, त्यांच्याखाली गाडी उभी करणं म्हणजे पारसचीच गोष्ट परत. मोकळ्या जागी थांबा, होर्डिंगपासूनही लांब. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जण गेले, तेही असंच अवकाळी वादळ होतं.

लग्नाच्या मंडपात वादळ आलं तर?

मंडप सोडा. पाहुणे खांब धरून उभे राहतात, त्या खांबाला लायटिंगची वायर गुंडाळलेली असते. आधी जनरेटर अन् लाईन बंद करायला एक माणूस नेमून ठेवा, नवरदेवाचा मामा नको, जो शुद्धीत असेल तो. आचाऱ्याची भट्टी अन् सिलेंडर बंद. जेवणाची पंगत असेल तर ती जाऊ द्या. आणि मंडप डीपीखाली किंवा लाईनखाली टाकूच देऊ नका, मंडपवाला म्हणतो "काही नाही होत भाऊ," त्याचं काय जातं.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला शॉक बसतो का?

नाही, अजिबात नाही. वीज क्षणात निघून जाते, माणसाच्या अंगात करंट राहत नाही. या एका गैरसमजापायी वाचू शकणारी माणसं जातात.

श्वास नसेल, नाडी नसेल तर तिथंच छाती दाबायला लागा: छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक, कोपर सरळ, पाच-सहा सेंटीमीटर खाली जाईल इतकं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. १०८ ला फोन दुसऱ्यानं करायचा. चार-पाच जणांना एकदम लागली असेल तर जे ओरडतायत त्यांच्याकडं नंतर बघा, ते जगणार आहेत, जो गप्प पडलाय त्याच्याकडं आधी जा, विजेत हृदय थांबलेला माणूस लगेच दाबल्यानं परत येऊ शकतो.

शेणात किंवा मातीच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरायचं, करंट उतरतो म्हणतात, ते करू नका. उतरायला करंटच उरलेला नसतो, आणि पुरलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही, दवाखान्याचा अर्धा-एक तासही तिथंच जातो.

आणि खरंच टोर्नेडो दिसला तर? पोरगा बंगालकडं किंवा अमेरिकेत नोकरीला आहे.

तिथं तळघर असेल तर तळघर, नाहीतर सगळ्यात खालच्या मजल्यावरची आतली बिनखिडकीची खोली, बाथरूमसुद्धा चालेल. ट्रेलरसारख्या हलत्या घरात थांबायचं नाही. पुलाखाली आडोसा घ्यायचा नाही, पुलाखाली वारं चिंचोळं होऊन आणखी जोरात वाहतं. सोंड जागची हलत नाही पण मोठी होत चाललीय असं वाटलं तर ती थांबलेली नाही, सरळ आपल्याकडंच येतेय. गाडीत असाल, रस्ता मोकळा असेल तर तिच्या वाटेला आडवं निघून जा. बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत संपतात.

वादळ गेलं. आता?

तारा. अंधारात, चिखलात, टॉर्चशिवाय बाहेर पडू नका. तुटलेली तार मेलेली आहे असं कधीच धरू नका, लाईन गेलेली असली तरी थोड्या वेळानं सबस्टेशनवरून परत चालू करून बघतात. दहा मीटर लांब राहा, पोरं-ढोरं आवरा, १९१२ ला फोन करा आणि लाइनमनला. तार कोणाच्या टिनावर पडली असेल तर पूर्ण घरात करंट असू शकतो. काठीनं तार बाजूला करणारे हिरो गावात असतात, काठी ओली असते.

पडलेल्या टिनांतून चालताना चप्पल नाही, बूट घाला. ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवा, साप-विंचू आडोशाला येतात. विहिरीत कचरा, मेलेली पाखरं पडली असतील तर पाणी उकळून प्या, ब्लिचिंग पावडर ग्रामपंचायतीकडं असते.

भरपाई मिळते का? पंचनामा कसा करायचा?

मिळते, पण कागद नसेल तर नाही. आवरायच्या आधी फोटो काढा: घर चारी बाजूंनी, उडालेल्या टिना जिथं पडल्या तिथंच, मेलेलं जनावर त्याच्या कानातल्या बिल्ल्यासकट. मग तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना त्याच दिवशी कळवा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं, साहेब हो म्हणाले, अन् यादीत नाव नाही, हे दरवर्षीचं रडगाणं आहे.

माणूस दगावला तर पोस्टमॉर्टम झालंच पाहिजे. घरच्यांना ते नको असतं, लवकर माती द्यायची असते, समजू शकतं, पण त्याशिवाय वीज पडूनच गेला हे कागदावर सिद्ध होत नाही. ढोरांचंही पशुवैद्यकीय डॉक्टरकडून करून घ्या.

केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे मृत्यूला ४ लाख, दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, झोपडीला ८,००० अशी रक्कम होती. घराचं थोडंच नुकसान असेल तर ते किमान १५ टक्के आहे असं पंचनाम्यात यावं लागायचं, पक्क्याला ६,५०० अन् कच्च्याला ४,००० होते. तेवढ्यात टिनाचा खर्चही निघत नाही, ही वस्तुस्थिती आहे. शेतकरी कुटुंबातला माणूस गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेबद्दल कृषी कार्यालयात विचारा, त्यात वीज पडणं धरलेलं आहे.

कोणते नंबर लिहून ठेवायचे?

११२ सगळ्यासाठी, १०८ ॲम्ब्युलन्स, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, १९१२ लाईट. त्यासोबत लाइनमन, तलाठी, पोलीस पाटील आणि ज्याच्याकडं शाळेची किल्ली आहे तो. मोबाईलमध्ये नाही, भिंतीवर खडूनं किंवा कोळशानं लिहा, मोबाईल वादळातच डिस्चार्ज असतो.